पूर्णाकाठचा माणूस आणि मुशी



अकोल्याहून आणि मूर्तिजापूरहून आलेली काही मंडळी मला मागच्या रांगांत दिसत आहेत. एवढ्या लांबून आलात, मनापासून आभार. ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या अमरावती शहरातल्या दोन पिढ्यांना भूगोल शिकवला. त्यांच्या मालेत समुद्राविषयी बोलायला मिळतं आहे, हा मी माझा मान समजतो.

पाण्याखाली जाऊन शार्कचे आणि इतर सागरी जीवांचे फोटो काढणं, हा माझा विषय. विषय जाहीर झाल्यापासून मला लोक विचारताहेत, वऱ्हाडात याचं काय काम? आपल्याकडे कापूस, तूर, सोयाबीन आणि संत्रं. आमच्या मोठ्या आईनं तर मी पहिल्यांदा निघालो तेव्हाच विचारलं होतं, "कायले जातं बाप्पा तिथं? तुले भेव नाई लागत का?"

कशाला जायचं, आणि भीती वाटते का? आज मी या दोन प्रश्नांचीच उत्तरं देणार आहे. भीतीचं आधी सांगतो, कारण ती बाजूला झाल्याशिवाय पुढचं ऐकू येत नाही.

भीती मला वाटते, ती पाण्याची. समुद्रात दर 10 मीटर खाली गेलं की अंगावरचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. 10 मीटरवर तो दुप्पट होतो, 20 मीटरवर तिप्पट. पाठीवरच्या टाकीतली हवा रेग्युलेटरमधून आपल्याला त्याच दाबानं मिळते, म्हणून छाती दबत नाही. पण म्हणूनच स्कूबाचा पहिला नियम असा, की श्वास कधीही रोखून धरायचा नाही. खाली भरून घेतलेला श्वास धरून माणूस वर आला, तर ती हवा छातीतच फुगत जाते आणि फुप्फुस फाटू शकतं. दुसरा नियम, वर सावकाश यायचं आणि 5 मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनला बाहेर पडायला वेळ द्यावा लागतो. घाई केली तर त्याचे बुडबुडे सांध्यांत धरतात, मज्जारज्जूत धरतात, माणूस कायमचा अधू होऊ शकतो. समुद्रात असे जीव जातात, उतावळेपणानं.

आणि शार्क? कुणी खोडी काढली नसताना शार्कनं केलेल्या हल्ल्यांत जगभरात वर्षाला सरासरी सहाच्या आसपास माणसं मरतात. संपूर्ण जगात. आपल्या देशात सर्पदंशानं वर्षाला सुमारे 58 हजार माणसं दगावतात, असा अंदाज 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानं मांडला. पावसाळ्यात रात्री मोटर सुरू करायला वावरात जाणारा आपला शेतकरी हा धोका रोज पत्करतो, बॅटरी घेतो, काठी आपटत चालतो, आणि नागपंचमीला हात जोडतो. सापाशी कसं वागायचं हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. शार्कशी कसं वागायचं हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. आपल्याला फक्त 1975 सालच्या 'जॉज' या सिनेमानं घाबरवलेलं आहे. ज्यांच्या कादंबरीवरून तो सिनेमा निघाला, त्या पीटर बेंचली यांनी पुढचं आयुष्य शार्कच्या रक्षणासाठी लिहिण्या-बोलण्यात घालवलं, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं.

आता उलट बाजूचा आकडा ऐका. माणूस वर्षाला किती शार्क मारतो? अभ्यासकांचा अंदाज आठ ते दहा कोटींचा आहे. खुल्या समुद्रातल्या शार्क आणि पाकटांची संख्या 1970 पासून 71 टक्क्यांनी घटली, असं 2021 साली शास्त्रज्ञांनी मांडलं. हा जीव पृथ्वीवर 40 कोटींहून अधिक वर्षं आहे. पण तो उशिरा वयात येतो आणि मोजकीच पिल्लं देतो. बांगडा-तारली हजारांनी अंडी घालतात, त्यांचा हिशेब वेगळा. मुशी, म्हणजे शार्क, एकदा कमी झाली की लवकर भरून येत नाही.

सांगा, मग कुणी कुणाला भ्यायचं?

आता दुसरा प्रश्न. कशाला जायचं? मी जातो पाहण्यासाठी, आणि पाहिलेलं आणून दाखवण्यासाठी. पण पाण्याखाली पाहणं ही सोपी गोष्ट नाही, ते सगळं नव्यानं शिकावं लागतं. मास्कच्या काचेतून प्रत्येक वस्तू एक तृतीयांशानं मोठी आणि एक चतुर्थांशानं जवळ दिसते. पोहायला नुकताच शिकलेला माणूस हात पुढे करतो आणि हात रिकामाच येतो. आवाज पाण्यात हवेच्या चारपटीहून जास्त वेगानं धावतो, त्यामुळे तो कुठून आला हे कळत नाही. बोटीचं इंजिन चारी दिशांना एकदमच वाजत असतं. आणि रंग जातात. सगळ्यात आधी लाल जातो, पाच-सात मीटरवरच तो जवळजवळ संपतो. मग नारिंगी, मग पिवळा. 20 मीटरवर बोटाला खरचटलं तर रक्त हिरवट-काळं दिसतं. प्रवाळावर मी पहिल्यांदा दिवा टाकला, तेव्हा राखाडी वाटलेला एक उंचवटा पळसासारखा लालभडक पेटला. तो रंग तिथं होताच. त्याला दिसायला प्रकाश मिळत नव्हता.

म्हणून पाण्याखालच्या कॅमेऱ्याला स्वतःचा उजेड न्यावा लागतो. फ्रान्सच्या किनाऱ्यावर लुई बूताँ नावाच्या शास्त्रज्ञानं 1893 साली पाण्याखाली फोटो काढायला सुरुवात केली, तेव्हापासून ही झटापट चालू आहे. 1926 साली फ्लोरिडाजवळ लाँगली आणि मार्टिन यांनी पाण्याखालचे पहिले रंगीत फोटो काढले. त्यासाठी तराफ्यावर मॅग्नेशियमची पूड पेटवत. एका स्फोटात लाँगली स्वतः भाजले. पुढे 1943 मध्ये कुस्तो आणि गान्याँ यांनी ॲक्वालंग हे पाठीवर हवा नेणारं उपकरण बनवलं, आणि वरून येणाऱ्या हवेच्या नळीपासून माणूस सुटला.

आता शार्क समोर येतो तेव्हा काय होतं, ते थोडं जवळून सांगतो. लक्षद्वीप आणि अंदमानच्या प्रवाळांत व्हाइटटिप रीफ शार्क असतो. माणसाएवढा लांब, सडपातळ, पाठीवरच्या पराचं आणि शेपटीचं टोक पांढरं. दिवसा तो कपारीखाली वाळूवर निवांत पडलेला असतो. शार्क थांबला की मरतो, असं आपण ऐकलेलं असतं, पण हा थांबतो. तोंडानं पाणी ओढून कल्ल्यांतून सोडत राहतो, आणि कल्ल्यांच्या चिरा एका लयीत उघडतात-मिटतात. बुबुळात मांजरासारखी उभी फट असते. मी वाळूच्या जरा वर स्थिर राहिलो, श्वास लांब आणि सावकाश ठेवला. त्यानं मला पाहिलं होतं. पाहिलं होतं म्हणणंही अपुरं आहे. शार्कच्या मुस्कटावर बारीक छिद्रं असतात, त्यांतून त्याला दुसऱ्या जीवाच्या स्नायूंतली वीज जाणवते. माझ्या काळजाचा ठोका त्याच्यापासून लपलेला नव्हता. थोड्या वेळानं तो उठला, माझ्या कॅमेऱ्याच्या घुमटाकार काचेपर्यंत आला, वळला आणि पुन्हा कपारीत शिरला. फोटो मिळाला तो वळतानाचा, पोटाची पांढरी बाजू वर घेतलेला. ते पोट फार पांढरं असतं. स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचा फ्लॅश, जोरात ठेवला तर त्याचा नुसता पांढरा डाग उमटतो, म्हणून उजेड अर्ध्यावर आणावा लागतो. आणि दोन्ही स्ट्रोब कॅमेऱ्यापासून लांब, बाजूला धरावे लागतात, नाहीतर पाण्यातले कण चमकून फोटोभर हिमवर्षाव होतो.

पण तो पुढे आला, कारण मी पुढे गेलो नाही. पाठलाग केलात तर तुम्हाला शार्कची फक्त शेपटी मिळते. आणि कधी त्याहून वाईट होतं. ग्रे रीफ शार्कला कोंडीत धरलं, की तो पाठ कमानीसारखी वाकवतो, छातीचे पर खाली ताठ करतो आणि वळवळत, झुलत पोहू लागतो. 1973 साली दोन अमेरिकन अभ्यासकांनी हे वागणं नीट नोंदवलं. तो तुम्हाला बजावत असतो. तेव्हा कॅमेरा खाली घ्यायचा आणि सावकाश मागं सरायचं. ज्यांनी ऐकलं नाही, त्यांना चावे बसले आहेत.

इथं मला मेळघाट आठवतो. आपल्याला 1974 पासूनचा व्याघ्र प्रकल्प घराजवळ लाभला. सिपनेच्या काठानं ज्यांनी पहाटे वाट पाहिली आहे, त्यांना ठाऊक आहे की जिप्सी दामटून वाघ दिसत नाही, तो त्याच्या मनात असेल तेव्हा रस्त्यावर येतो. कोरकू वाटाड्या हात वर करतो आणि सगळे गप्प होतात. पाण्याखालीही असंच थांबावं लागतं. वऱ्हाडी माणूस या कामात कमी पडणार नाही असं मी म्हणतो, ते याच अनुभवावरून.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. फोटोनं काय होतं? छंद म्हणून भिंतीवर टांगायला फोटो छान आहेत. पण मी तुमच्यापुढे उभा आहे तो वेगळ्या कारणासाठी. ज्या माशाला लोकांनी कधी जिवंत पाहिलंच नाही, त्याच्यासाठी कायदा होत नाही. मासळी बाजारात शार्क म्हणजे मुशी, मालवणात मोरी. कापलेली, पर छाटलेली, तुकड्यांत. त्या तुकड्यांवरून तो कसा वळतो, कसा पाहतो, हे कुणाला कळणार?

ऑस्ट्रेलियात व्हॅलरी टेलर नावाच्या बाई होत्या, भाल्यानं मासे मारण्यात अजिंक्यपद मिळवलेल्या. त्यांनी आणि त्यांचे पती रॉन यांनी भाला सोडून कॅमेरा घेतला. 'जॉज'मधले खरे शार्क त्यांनीच चित्रित केले. आणि त्याच सिनेमानंतर लोक शार्क मारत सुटले, तेव्हा त्याच दोघांनी सांगायला सुरुवात केली की हे प्राणी तसे नाहीत. ग्रे नर्स नावाचा एक गरीब शार्क नरभक्षक समजून मारला जात होता. 1984 साली न्यू साउथ वेल्सनं त्याला संरक्षण दिलं. जगात शार्कला मिळालेलं ते पहिलं संरक्षण.

आणि आपल्याकडे? ही गोष्ट गुजरातची आहे, आपल्या शेजारची. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर, वेरावळच्या बाजूला, व्हेल शार्क येतो. जगातला सगळ्यात मोठा मासा, 12 मीटर लांबीचा सहज होतो, आणि खातो काय? पाण्यातले सूक्ष्म जीव, छोटी मासळी, तोंड उघडून गाळून. त्याच्या यकृताचं तेल होड्यांना लावायला वापरत. नव्वदच्या दशकात त्याच्या मांसाला परदेशात, मुख्यतः तैवानला, भाव आला आणि तो शेकड्यांनी मारला जाऊ लागला. माइक पांडे यांनी त्यावर 'शोअर्स ऑफ सायलेन्स' हा माहितीपट केला. किनाऱ्यावर ओढून आणलेला, अजून जिवंत असलेला तो प्रचंड जीव लोकांनी पहिल्यांदा पडद्यावर पाहिला. 2000 साली त्या माहितीपटाला 'ग्रीन ऑस्कर' म्हणून ओळखला जाणारा पुरस्कार मिळाला. 2001 साली भारत सरकारनं व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतलं. म्हणजे कुणाच्या रांगेत? आपल्या मेळघाटातल्या वाघाच्या. त्या कायद्याखाली संरक्षण मिळालेला हा देशातला पहिला मासा.

कायदा झाला म्हणून जाळं रिकामं होत नाही. 2004 पासून रामकथाकार मोरारी बापूंनी किनाऱ्यावरच्या गावांत सांगितलं, की ही बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे, हिला मारता? कोळ्यांच्या मनाला ते लागलं. तेच कोळी पुढे स्वतःची जाळी कापून तिला सोडू लागले, आणि जाळ्याची भरपाई सरकार देऊ लागलं. आपल्या महाराष्ट्रातही डिसेंबर 2018 पासून तशी योजना आहे. संरक्षित जीव सोडण्यासाठी जाळं कापलं तर 25 हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. आणि ती मच्छीमारानं मिळवायची कशी? सुटकेचा फोटो दाखवून! मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. पाण्याखालची भारी यंत्रं बाजूला ठेवा, होडीतल्या तांडेलाच्या साध्या मोबाइलमधला फोटो तिथं पुरावा ठरतो.

व्हेल शार्कच्या अंगावर पांढरे ठिपके असतात आणि कोणत्याही दोघांचे ठिपके सारखे नसतात. डाव्या बाजूला, कल्ल्यांच्या लगेच मागं जो भाग आहे, त्याच्या फोटोवरून तो नेमका कोणता व्हेल शार्क हे ओळखता येतं. ओळखण्याची रीत कुठून आली? आकाशातून. ताऱ्यांच्या नकाशातले ठिपके जुळवण्यासाठी खगोलशास्त्रज्ञ जी गणिती पद्धत वापरत, तीच 2005 साली या माशाच्या ठिपक्यांना लावली गेली. एखाद्या पर्यटकानं काढलेला फोटो दहा वर्षांनी दुसऱ्या देशातल्या फोटोशी जुळतो आणि कळतं, तीच ही, जिवंत आहे. इथल्या गणिताच्या विद्यार्थ्यांनो, हे तुमच्यासाठी सांगतो आहे.

आता मालवणबद्दल बोलतो, कारण या सभागृहातले अनेक जण दिवाळीच्या सुटीत तिकडे जाऊन आलेले असतील. सायंकाळची अमरावती-मुंबई गाडी, पुढे कोकण रेल्वेनं कुडाळ, तिथून मालवण-तारकर्ली. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, साधारण 29 चौरस किलोमीटरचं. रोजी जाईल या काळजीनं स्थानिक मच्छीमारांनी त्याला दीर्घकाळ विरोध केला, आणि ती काळजी खोटी नव्हती. आज त्यांच्याच घरातली मुलं पर्यटकांना हाताला धरून पाण्याखाली नेतात. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांचं त्या उभारणीत आणि प्रवाळांच्या कामात मोठं योगदान आहे. त्याहून दूर, विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरएक किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं आंग्रिया हे बुडालेलं पठार आहे. तिथं प्रवाळ आहेत, आणि किनाऱ्याच्या गाळापासून ते लांब आहेत म्हणून अजून धडधाकट आहेत.

पण मालवणात मला जे दिसतं त्यानं जीव तुटतो. फोटोत मासे भरपूर यावेत म्हणून पाण्यात पाव आणि बिस्किटं सोडली जातात. नवख्या माणसाचे पाय प्रवाळावर टेकवले जातात, कारण उभं राहिल्यावर फोटो बरा येतो. प्रवाळ हा दगड नाही, ती सूक्ष्म प्राण्यांची वसाहत आहे, वर्षाला जेमतेम काही मिलीमीटर ते काही सेंटीमीटर वाढणारी. एका लाथेत कित्येक वर्षांची वाढ जाते. मी त्या पोरांना दोष देत नाही. गिऱ्हाईक जे मागेल ते दुकानदार देतो. आणि गिऱ्हाईक आपण आहोत, आपण अमरावतीचे, अकोल्याचे, नागपूरचे. होडीत चढतानाच सांगा, "दादा, खाऊ टाकू नका, आम्हाला उभं करू नका, मासे येतील तेवढे बघू." एवढं म्हणायला पैसे पडत नाहीत.

शेवटचा मुद्दा थोडा अवघड आहे, पण सरांच्या मालेत तो टाळता येणार नाही. सर परीक्षेत कोरा नकाशा देत आणि विचारत, तुमच्या गावचं पाणी कुठं जातं ते काढा. आज आपण तो नकाशा काढू. अमरावती शहर पाणी पितं ते सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणाचं. ती वर्धा पुढे प्राणहिता होऊन गोदावरीला मिळते आणि बंगालच्या उपसागरात जाते. आणि शहरातून वाहून जातं ते? अंबा नाल्याचं पाणी पेढीत, पेढीचं पूर्णेत, पूर्णेचं चांगदेवला तापीत, आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्रात. म्हणजे आपण एका समुद्राच्या वाटेचं पाणी उचलतो आणि वापरून दुसऱ्या समुद्राच्या वाटेला लावतो. अकोल्याची मोर्णाही पूर्णेलाच मिळते. 2018 साली जलकुंभी काढायला अकोलेकर हजारोंनी मोर्णेत उतरले, त्याचा उल्लेख पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये केला होता. त्या लोकांना समुद्र आठवत नसेल. पण त्यांनी जलकुंभीबरोबर गोळा केलेलं प्लास्टिक ज्या समुद्राच्या वाटेवर होतं, त्याच समुद्रात ती माहेरवाशीण, व्हेल शार्क, तोंड उघडं ठेवून पाणी गाळत फिरते. तिला सूक्ष्म जीव आणि प्लास्टिकचा चुरा यांतला फरक करता येत नाही. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या माणसाला खाऱ्या पाण्याचं दुःख वेगळं सांगावं लागत नाही. समुद्रही आपलाच आहे, एवढंच त्यात जोडायचं आहे.

काही तरुणांनी आल्या आल्याच मला विचारलं, सुरुवात कुठून करू? आधी पोहायला शिका. 1914 पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची परंपरा असलेल्या या गावात अंगमेहनतीची सबब कुणी सांगू नये. मग डॉक्टरांकडून कान, छाती आणि दम्याची तपासणी करून घ्या, तिथं काही लपवू नका. मग मान्यताप्राप्त ओपन वॉटर शिक्षण घ्या. त्यात 18 मीटरपर्यंत जायची परवानगी मिळते, दहा वर्षांच्या मुलांनाही कमी खोलीचं शिक्षण घेता येतं. कोकणात पावसाळ्यात समुद्र बंद असतो. पाणी नितळतं ते हिवाळ्यात. तिथं शार्क दिसेल अशी आशा धरून जाऊ नका. मालवणच्या गढूळ पाण्यात जवळून, छोटं पाहायला शिका. खडकाच्या भेगेतली शेवंड, बोटाच्या पेराएवढी सागरी गोगलगाय, रंग बदलणारं माकूल. दूरचं धूसर दिसतं म्हणून हिरमुसू नका, हातभर अंतरावर तिथं खूप काही आहे. आणि तळाला न टेकता, हात न हलवता, जागच्या जागी पाच मिनिटं तरंगता येऊ लागलं की मग कॅमेरा घ्या, त्याआधी नको.

आता पडद्यावर फोटो लावतो आहोत. मागच्या मुलांना पुढे येऊन बसू द्या, प्रश्नही आधी त्यांचेच घेऊ.